डाव्या चाकाची क्लिप

“काका, आवाज अजून येतोय.”

शनिवारची सकाळ. मी गॅरेजचं शटर नुकतंच वर केलं होतं. श्रद्धा गाडीला टेकून उभी होती. तिच्या गाडीचं काम करून आठ दिवस झाले होते आणि त्या आठ दिवसांतली ही तिची तिसरी खेप.

“तोच आवाज?” मी विचारलं.

“तोच. उजवीकडे स्टीअरिंग पूर्ण कापलं की येतो. तुम्ही म्हणाला होतात जाईल म्हणून. गेला नाही.”

मी मनात म्हटलं, आजचा दिवसही गेला. तोंडाने काय म्हणालो ते पुढे सांगतो. त्याआधी हे प्रकरण कसं सुरू झालं ते सांगायला हवं.

मी चोवीस वर्षं एका वाहन कंपनीच्या टेस्टिंग विभागात होतो. नवी गाडी बाजारात यायच्या आधी ती खडीवर, घाटात, पाण्यात चालवायची आणि तिचं काय काय मोडतं ते लिहून ठेवायचं, हे आमचं काम. पुढे परदेशी कंपन्या आल्या, स्पर्धा आली आणि आमच्याकडे माणसं कमी करायची लाट आली. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यातला ‘स्वेच्छा’ हा शब्द कुणाचा ते मला अजून कळलेलं नाही. घर कसबा पेठेत, गल्लीत स्कूटर लावायची मारामार. म्हणून स्वारगेटच्या मागे एका गल्लीत जागा घेऊन गॅरेज काढलं. गाड्या कळत होत्या. गिऱ्हाईक कळत नव्हतं. कुणी येऊन “गाडी जरा बघता का?” म्हणालं की मी म्हणायचो, “बघितली. पुढे?” अशाने चार महिन्यांत जेवढी माणसं आली, त्यातली फारच थोडी परत आली.

हिंजवडीला तेव्हा सकाळी बसच्या बस भरून जायला लागल्या होत्या. पंचविशीतल्या पोरापोरींच्या हातात गाड्या आल्या होत्या. बाजारात एक छोटी हॅचबॅक आली होती. वजनाला हलकी, इंजिन त्या मानाने दांडगं, वळणावर मजा देणारी. तिचं नाव लिहीत नाही. त्या काळात पुण्यात राहिलेल्या कुणालाही ओळखता येईल. श्रद्धाने ती सेकंडहँड घेतली होती, गडद निळ्या रंगाची.

पहिल्यांदा आली ती हातात एक कागद घेऊन. ऑफिसच्या प्रिंटरवर छापलेली यादी होती, कुठल्याशा परदेशी वेबसाइटवरून काढलेली. छोट्या स्पोर्टी गाडीत सुरुवातीला काय काय बदलावं, ते त्यात होतं.

“माझं बजेट कमी आहे, काका. यातलं आधी काय करू ते सांगा.”

मी चष्मा लावला. पहिलं कलम मोठ्या सायलेन्सरचं. “याने काय होतं?”

“आवाज भारी येतो म्हणतात.”

“वेग वाढतो का?”

“थोडासा... बहुतेक.”

“कापा.” दुसरं कलम, इंजिनाला थंड हवा ओढून देणारा पाइप. “मे महिन्यात स्वारगेटला थंड हवा कुठून ओढणार आपण?”

ती हसली. सहसा इथवर येईपर्यंत लोक उठून जात. ही स्टूल ओढून बसली. तिसरं कलम स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवायची. हे मात्र मी चेष्टेवारी नेलं नाही. स्प्रिंग कापली की गाडी दिसायला रुबाबदार होते, पण खड्ड्यात चाक उचललं गेलं की तीच स्प्रिंग जागेवरून सरकू शकते, हे मी तिला कागदावर आकृती काढून दाखवलं. तिने आकृती नीट बघितली, दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही नेमके विचारले.

“काय काम करता आपण?” मी विचारलं.

“सॉफ्टवेअर टेस्टिंग. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम कुठे मोडतो ते शोधायचं.”

“मीही तेच करत होतो. फक्त लोखंडाचं.”

तिथून आमचं ‘आपण’ सुटलं आणि ‘तू’ आणि ‘काका’ सुरू झालं.

ती मूळची वर्ध्याची. वडील तिथे सरकारी बस चालवायचे, नुकतेच निवृत्त झाले होते. गाडी चालवायची आवड तिथूनच. पुढच्या रविवारी आईवडील पहिल्यांदाच पुण्याला येणार होते, आणि त्यांना स्वतःच्या गाडीतून खडकवासल्यावरून सिंहगडावर न्यायचं तिने ठरवलं होतं. “बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांना फिरवलं. आता त्यांनी बाजूला बसावं,” एवढंच ती म्हणाली. “आणि त्यांना गाडी चालवलेली कळते. म्हणून ती वळणावर नीट वागली पाहिजे.”

मग मी तिला माझी यादी सांगितली. चार टायर चांगले घे, मूळ मापापेक्षा एक माप रुंद, त्याहून जास्त नाही. रस्त्याला शेवटी गाडीचा टायरच लागतो, बाकी सगळं हवेत असतं. दुसरं, पुढचे ब्रेक पॅड नवे आणि ब्रेक ऑइल नवं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. जुनं झालं की घाट उतरताना तापून उकळतं आणि मग ब्रेकचा पेडल पावात पाय घातल्यासारखा लागतो. तिसरं, अलाइनमेंट, म्हणजे चारही चाकं एकमेकांशी सरळ आहेत ना ते बघणं. चौथं, डिकीतलं सामान काढ.

“डिकीत काय आहे तुम्हाला कसं कळलं” असा चेहरा झाला तिचा. डिकीत जुन्या पुस्तकांची दोन खोकी होती. मला कळलं नव्हतं, पण सगळ्यांच्याच डिकीत काहीतरी असतं.

“यात दिसण्यासारखं काहीच नाही, काका,” ती म्हणाली.

“दिसण्यासारखं हवं असेल तर सीट कव्हर घाल.”

ती माझ्या यादीला तयार झाली. काम मी एकट्याने केलं, मन लावून केलं. चाकं काढल्यावर दिसलं की ब्रेकच्या रबरी नळ्यांना, ज्याला आम्ही होज म्हणतो, बारीक भेगा आहेत. त्याही बदलल्या. ही होज चाकाच्या आतल्या बाजूने येते आणि शॉकअपला एका छोट्या पत्र्याच्या क्लिपने धरलेली असते. क्लिप नसली तर होज सैल लोंबते. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी अशी ही क्लिप.

गाडी घेऊन गेली ती खुशीत. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी परत आली. “काका, यू-टर्न घेताना खस्स असा आवाज येतो.”

“नवीन टायर आहेत. त्यांच्यावर रबराचे केस असतात. झिजले की जाईल.”

मी हातातलं काम सोडून उठलोही नाही.

बुधवारी ती पुन्हा आली. या वेळी मी गाडी काढली, पर्वतीपर्यंत एक चक्कर मारून आलो. रहदारी एवढी होती की स्वतःचं इंजिन ऐकू येईना, आणि उजवीकडे पूर्ण स्टीअरिंग कापायचं कारण त्या चकरेत एकदाही आलं नाही. परत येऊन मी तिला म्हणालो, “टायर एक माप रुंद आहे, आतल्या प्लास्टिकला किंचित टेकत असेल. स्वारगेटच्या चौकात असला आवाज ऐकू येणारी तू पहिलीच.”

ती गाडी घेऊन गेली.

आणि आता शनिवार. दुसऱ्या दिवशी सिंहगड. मी तोंडाने म्हणालो, “श्रद्धा, चोवीस वर्षं मी हेच काम केलं.”

“माहीत आहे, काका. मी भांडून नाही राहिले.” वैतागली की तिच्या बोलण्यात वर्धा यायचं. तिने पर्समधून एक छोटी वही काढली. “आम्हाला ऑफिसमध्ये डेव्हलपर रोज सांगतात, माझ्या मशीनवर व्यवस्थित चालतंय. मग आम्ही त्यांना पायऱ्या लिहून देतो. या बघा.”

वहीत लिहिलं होतं: डावीकडे पूर्ण वळण, दहा वेळा, आवाज नाही. उजवीकडे अर्धं वळण, दहा वेळा, नाही. उजवीकडे पूर्ण, दहापैकी दहा वेळा येतो. गाडी थंड असताना येतो, गरम असतानाही येतो. त्याच्याखाली: डाव्या पुढच्या टायरच्या आतल्या बाजूला काळा चकचकीत पट्टा, बोटभर रुंद.

“प्लास्टिकला घासत असेल तर पट्टा रुंद हवा ना?” तिने विचारलं. “हा बोटाएवढाच आहे. तुम्ही एकदा वाकून बघा. एकदाच.”

कंपनीत आमचे एक साहेब होते, टेस्टिंगचे प्रमुख. मी नवीन असताना एका ड्रायव्हरने गाडीत कसलातरी वास येतो म्हणून सांगितलं आणि मी त्याला हसलो होतो. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “तुला वास आला का?” “नाही, साहेब.” “मग तुझ्या नाकाबद्दल रिपोर्ट लिही. त्याच्या नाकाबद्दल लिहू नकोस.” पुढे ते म्हणाले की तक्रार आधी कागदावर घ्यायची, मत नंतर द्यायचं. चोवीस वर्षं मी ते पाळलं. स्वतःचं गॅरेज काढल्यावर ‘साहेब’ मीच झालो आणि कागद बंद झाला.

ती वही वाचताना मला हे सगळं आठवलं. मी जॅक आणला.

गाडी उचलली, खाली टेकूची घोडी लावली, स्टीअरिंग पूर्ण उजवीकडे करून डावं पुढचं चाक काढलं. होज लोंबत होती. शॉकअपवरच्या जागेत क्लिप नव्हती. होजचं वरचं रबर घासून गेलं होतं आणि आतले धागे दिसत होते.

“आत बस आणि ब्रेक दाब,” मी सांगितलं.

तिने ब्रेक दाबला. धाग्यांमधून बोराएवढा फुगा वर आला. तिने पाय उचलला, फुगा बसला. पुन्हा दाबायला मी सांगितलं नाही.

मी उठून टेबलाकडे गेलो. तिथे स्टीलच्या ताटलीत सुटे नटबोल्ट ठेवायची माझी सवय. त्यात एक क्लिप पडलेली होती. आठ दिवस ती मी रोज बघत होतो आणि कुठलीतरी जादा क्लिप म्हणून सोडून देत होतो. मग आठवलं. डावीकडची होज बसवत असताना फोन वाजला होता. कुणीतरी गॅरेजचा पत्ता विचारत होतं. मी उठलो, दोनदा पत्ता सांगितला, परत आलो आणि थेट चाक चढवलं.

आता खरं सांगतो. त्या वेळी ती अजून गाडीतच बसलेली होती. तिला होज दिसत नव्हती, क्लिप दिसत नव्हती. ‘होज सदोष निघाली, बदलून देतो’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. चार महिने गिऱ्हाइकाची वाट बघितलेल्या माणसाच्या तोंडाशी असली वाक्यं फार पटकन येतात.

पण तिच्या हातात ती वही होती. दहापैकी दहा वेळा लिहिणाऱ्या मुलीशी खोटं कसं बोलणार?

“श्रद्धा, खाली ये,” मी म्हणालो. “इथे वाक. ही नळी बघ. आणि ही क्लिप. ही इथे बसवायची असते. मी विसरलो. तू दोनदा येऊन सांगितलंस आणि मी दोनदा ऐकलं नाही.”

तिने क्लिप हातात घेतली, उलटसुलट करून बघितली. नळीकडे बघितलं.

“उद्या घाटात काय झालं असतं?”

“वर चढताना काही नाही. उतरताना, एखाद्या वळणावर, फुटली असती. गाडीचे निम्मे ब्रेक गेले असते. उरलेले निम्मे सांभाळतात. पण त्या क्षणी पेडल खाली जातो आणि माणूस गांगरतो.”

ती स्टुलावर बसली. मी पाणी आणून दिलं. मला वाटलं, आता ही गाडी उचलून दुसरीकडे नेईल, आणि तिने तसं केलं असतं तर तिचं काही चुकलं नसतं. शेवटी ती म्हणाली, “नवी होज कुठे मिळेल?”

“नाना पेठेत.”

“मग तुम्ही जाऊन या. मी बसते इथे. फोन आला तर मी पत्ता सांगते.”

असल्या प्रसंगात टोमणा मारायला पुण्याचंच असावं लागतं असं नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मी स्कूटरवर नाना पेठेत गेलो, होज घेऊन आलो. बसवली. क्लिप आत ठोकल्यावर तिला म्हटलं, “हात लावून बघ, हलते का.” तिने ओढून बघितली. मग ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढून टाकणं. त्याला दोन माणसं लागतात. ती पेडलवर बसली, मी चाकाशी. “दाब. धर. सोड.” अर्धा तास आम्ही एवढंच बोलत होतो. उजव्या चाकाचीही क्लिप मी चाक काढून बघितली. ती जागेवर होती. मग स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण, दहा दहा वेळा. आवाज नाही. तिने वहीत लिहिलं, तारीख घातली आणि खाली माझी सही घेतली. मीही निमूट केली.

निघताना म्हणाली, “उद्या तुम्ही चला आमच्याबरोबर.”

“मी कशाला?”

“गाडी तुम्ही दुरुस्त केली ना? मग बसा तिच्यात.”

हे मला अगदी रास्त वाटलं.

रविवारी सकाळी मी मागच्या सीटवर तिच्या आईशेजारी बसलो. पुढे तिचे वडील. उंच, बारीक, पांढरा शर्ट, दोन्ही हात गुडघ्यांवर. धरणाच्या बाजूने जाताना ते पाण्याकडे बघत नव्हते. मुलीच्या पायांकडे बघत होते. घाटात तिने गाडी सुंदर चालवली. वळणाच्या आधी वेग कमी, वळणात स्थिर, बाहेर पडताना पुन्हा जोर. नवे टायर रस्ता धरून होते. प्रत्येक उजव्या वळणावर मी कान टवकारून बसलो होतो. वडील मध्येच एकदा “हं” म्हणाले. तेवढंच. तिच्या मानेवरून मला कळलं की तिला तेवढंच हवं होतं.

वर पोचल्यावर ती आईला घेऊन दही आणायला गेली. वडिलांनी मला विचारलं, “काय काय बदललं म्हणता गाडीत?”

तिने त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. मी सांगितलं. टायर, पॅड, ऑइल, आणि क्लिपही. तिच्या तीन खेपाही सांगितल्या.

ते म्हणाले, “कोन्या बाजूची?”

“डाव्या.”

“चाला, पाहू द्या मले.”

सिंहगडाच्या पार्किंगमध्ये तो माणूस पांढऱ्या शर्टानिशी मातीत गुडघे टेकून वाकला. मी स्टीअरिंग कापून धरलं. त्यांनी हात आत घालून होज धरली, क्लिप चाचपली. दुसऱ्या बाजूला जाऊन तीही चाचपली. उठले, हात झटकले.

“बराबर बसली आहे,” म्हणाले. “माह्या गाडीची एकदा अशीच राहिली होती. मेकॅनिक कबूल झाला नाही. मी वीस वर्षं त्याच्याशी बोललो नाही.”

“आता माझ्याशी बोलाल का?” मी विचारलं.

“बोलूनच तर राहिलो.”

श्रद्धा दह्याची मडकी घेऊन आली, वडिलांच्या गुडघ्यांवरची माती बघितली आणि काय समजायचं ते समजली. परत निघताना ते तिला म्हणाले, “उतरताना मी चालवू काय?” ती म्हणाली, “नाही.” ते मुकाट्याने बाजूच्या सीटवर जाऊन बसले. उतरताना ब्रेक शेवटच्या वळणापर्यंत टणक होते.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. त्यांच्या ऑफिसमध्ये गाड्यांची हौस असलेल्या लोकांचा ईमेलचा एक ग्रुप होता. थोड्या पैशात गाडीत आधी काय करावं, यावर तिला तिथे लिहायचं होतं. “तुमचं नाव घालू?”

“घाल की.”

“मग क्लिपचंही घालावं लागेल. अर्धंच लिहिलं तर तो रिपोर्ट होत नाही.”

मी विचार करून सांगतो म्हणालो. घरी बायकोला विचारलं. ती म्हणाली, “लिहू द्या. नाहीतरी गिऱ्हाईक कुठे येतंय, जायला?”

श्रद्धाने लिहिलं, सगळं लिहिलं. मला वाटलं, संपलं. पुढच्या शनिवारी गल्लीत तीन गाड्या उभ्या होत्या, तिन्ही तिच्या ऑफिसमधल्या. त्यातला एकजण उतरल्या उतरल्या म्हणाला, “काका, माझ्या क्लिपा मोजून बसवा हं.” मी त्याला उत्तर देणार होतो. दिलं नाही. वही काढली आणि विचारलं, “तक्रार काय आहे? सावकाश सांगा, लिहून घेतो.”

गॅरेज त्यानंतर पंधरा वर्षं चाललं. त्या सगळ्या वर्षांत कुठलंही काम झाल्यावर स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण कापून, गिऱ्हाइकाला शेजारी बसवूनच मी किल्ली दिली. फोन वाजला तर वाजू द्यायचो. ताटलीत काहीही उरलं तर ते कुठलं आहे हे कळेपर्यंत गाडी बाहेर गेली नाही. श्रद्धा पुढे नोकरीनिमित्त बंगलोरला गेली. गाडी घेऊन गेली. एकदा फोनवर मी तिला म्हटलं, तू तिसऱ्यांदा आली नसतीस तर मी तोंड दाखवायच्या लायकीचा राहिलो नसतो. ती म्हणाली, “काका, तुम्ही वाकलात ना शेवटी.” तिचे उपकार मी फेडू शकलो नाही, आणि ते तिला मोजताही येत नाहीत असं दिसतं.

कुणी छोटी, चपळ गाडी घेतली आणि खिशात थोडेच पैसे असले तर माझा सल्ला अजून तोच आहे. टायर, ब्रेक, अलाइनमेंट आणि रिकामी डिकी, या क्रमाने. आणि गाडी घरी आणल्यावर तुम्हाला आवाज ऐकू येत असेल तर मेकॅनिककडे परत जा. तो वैतागेल. त्याला वैतागू द्या.